नाव तिनं घ्यायचं

थॉमसिन गेज ही आमच्या वेनफोल्डची सुईण. सफोकच्या आमच्या पट्ट्यात सुइणी काही कमी नव्हत्या. जिला दोन-चार पोरं झाली आणि जिचे हात बरे चालतात, अशी कुणीही बाई वेळ पडली की बाह्या सरसावून पुढे व्हायची. पण थॉमसिनकडे बिशपचा परवाना होता. नॉरिचला जाऊन, बिशपच्या माणसासमोर बायबलवर हात ठेवून तिनं शपथ घेतली होती, आणि ही गोष्ट ती कुणाला विसरू देत नसे. बाजारात मासेवाल्यानं वजनात मारलं तरी म्हणायची, "कुणाशी बोलतोयस? शपथ घेतलेली बाई आहे मी."

त्या शपथेत बरंच काही असायचं. मंत्रतंत्र करणार नाही, पोरं बदलणार नाही, गरिबाची सोडून श्रीमंताची बाळंतीण आधी बघणार नाही. आणि एक कलम असं, की बिनलग्नाची पोर अडली असेल तर बापाचं नाव कळल्याशिवाय तिला हात लावणार नाही. कळा अगदी टोकाला पोचल्या की सुइणीनं हात काढून घ्यायचे, विचारायचं, आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. मरण समोर दिसत असताना बाई खोटं बोलत नाही, असं तेव्हा सगळे धरून चालायचे. एकाही कळेचा अनुभव नसलेल्या पुरुषांनी लावलेला हा शोध. पण कायदा तोच होता. नाव मिळालं की पोर त्या बापाच्या गळ्यात, नाही मिळालं तर गावाच्या. म्हणून नावाची घाई सगळ्यांनाच.

थॉमसिनला हे काम शिकवलं म्हाताऱ्या पेट्रोनेलनं. पेट्रोनेलच्या तोंडात एकही दात नव्हता, पण बोलणं चावरं. तिनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "नाव आपण घ्यायचं नाही. नाव तिनं घ्यायचं. 'कुणाचं?' एवढंच विचार आणि गप्प बस. अमक्याचं का, तमक्याचं का, असं विचारलंस तर संपलं. कळा सोसणारी बाई कशालाही हो म्हणते गं. पोपचं का म्हणून विचारलंस तरी हो म्हणेल."

थॉमसिननं हे आयुष्यभर पाळलं. एकदा अशाच एका बिनलग्नाच्या बाळंतपणाला चर्चचे कारभारी थर्लो तिला दारातच गाठून म्हणाले होते, "त्या भटक्या कासाराचं नाव घाल तिच्या तोंडात, म्हणजे सगळ्यांचीच सुटका." थॉमसिन त्यांना म्हणाली, "तुमच्या बायकोच्या वेळी मी कुणाचं नाव घातलं होतं का, थर्लोसाहेब?" आत गेल्यावर तिनं "कुणाचं?" विचारलं, हाताची घडी घातली, आणि तासाभरानं नाव आलं ते थर्लोंच्याच पुतण्याचं. त्यानंतर गावात कुणी तिच्या शब्दावर शंका घेतली नाही. गेजआईनं ऐकलं म्हणजे ते खरं.

आमचे ऑल्डस पाद्रीबुवा केंब्रिजला शिकलेले. एका बारशाच्या जेवणात त्यांनी तिला सांगितलं, की तुझ्या या विचारण्याला विद्वानांकडे नाव आहे. ज्या प्रश्नाला नुसतं हो किंवा नाही म्हणून सुटता येत नाही, तो परकॉन्टेशन. थॉमसिन हरखून गेली. आठवडाभर ती हा शब्द नवी टोपी घालून मिरवावं तशी मिरवत होती. "मी नुसती विचारत नाही हेस्टर, मी परकॉन्टेशन करते." शेजारची हेस्टर क्विल म्हणाली, "आधी घोट घे बिअरचा, मग परत म्हणून दाखव." पाद्रीबुवा पुढे वारले, त्यांच्या मागून तो शब्दही गेला. आता आमच्याकडे कुणाला सांगितलात तर त्याला तो एखादा आजार वाटेल.

तर अशी थॉमसिन. नवरा छपरं शाकारायचा, तो एका छपरावरूनच पडून गेला. पोटची तीन पोरं चर्चच्या मागच्या गवताखाली. उरला एक ॲम्ब्रोज. त्याला तिनं पास्क सुताराकडे चाकं करायला शिकायला घातला होता. पोराच्या हातात कसब होतं. आईसाठी त्यानं बाळंतपणाचं स्टूल केलं, पुढून अर्धगोल कापलेलं, आणि पाठीच्या फळीवर शेपटी वर केलेला चिमुकला पक्षी कोरला. थॉमसिन ते स्टूल पाठीवर मारून गावभर हिंडायची. बायका कळा देताना त्या पक्ष्याला धरायच्या, त्यानं त्याचं डोकं झिजून गुळगुळीत झालं होतं.

पास्क सुताराला मुलगा नव्हता. एक मुलगी, सिसली. ॲम्ब्रोजनं तिच्याशी लग्न करायचं आणि पुढे कारखाना बघायचा, असं ठरलं. थॉमसिनच्या डोक्यावरचं ओझंच उतरलं. ज्या बाईनं छपरावरून पडलेला नवरा उचलून आणलाय, तिला पोराचे पाय जमिनीवर राहणार याचं काय वाटत असेल ते तिलाच ठाऊक. शरद संपता संपता चर्चमध्ये लग्नाची घोषणा सुरू झाली. एक रविवार झाला, दुसरा झाला. तिसरा झाला की लग्न.

आणि तेवढ्यात ब्रुक फार्मवरच्या लेटिसचं पोट लपेना.

लेटिस ऑर्म ही दुधाच्या कोठीत काम करणारी पोर. तिची आई तिला जन्म देतानाच गेली होती, थॉमसिनच्याच हातावर. त्यामुळे लेटिस कुणाची म्हणाल तर गावाची आणि त्यातल्या त्यात थॉमसिनची. लहानपणी उवा काढायला हिच्याकडे, पाय पोळला हिच्याकडे. मोठी झाल्यावर ती शनिवारी ताकाचं मडकं घेऊन यायची आणि चुलीपाशी बसून गप्पा मारायची. पण त्या उन्हाळ्यापासून ती येईनाशी झाली. पोटाचं कळलं तेव्हा थॉमसिनला वाटलं, लाजली असेल बिचारी. मग एक दिवस ती स्वतः फार्मवर गेली. लेटिस बाहेर होती. कोठीत फळीवर लोण्याचे गोळे ओळीनं मांडले होते, आणि प्रत्येक गोळ्यावर ठसा उठवलेला. शेपटी वर केलेला चिमुकला पक्षी.

बाजूला लाकडी ठसा पडला होता. तिनं तो उचलला, उलटसुलट करून पाहिला, आणि होता तिथे ठेवून दिला. तो हात तिला ओळखायला कशाला कुणाची मदत हवी होती?

त्या संध्याकाळी ॲम्ब्रोज जेवायला बसला. वाटाण्याचं कालवण आणि जवाची भाकरी. तो मान खाली घालून चमचा फिरवत होता, खात नव्हता. गेले कितीतरी दिवस असंच चाललं होतं. थॉमसिन त्याच्याकडे बघत उभी राहिली. ज्या बाईनं अर्ध्या जिल्ह्याला 'कुणाचं?' म्हणून विचारलं होतं, त्या बाईनं आपल्या पोराला काय विचारावं?

"लेटिसच्या भानगडीत तुझं काही नाही ना रे?"

आता असं विचारल्यावर कोण हो म्हणणार? उत्तर तिनं स्वतःच त्याच्या ताटात वाढलं होतं. ॲम्ब्रोजनं वर पाहिलं. तो काहीतरी बोलणार असं क्षणभर वाटलं. मग म्हणाला, "नाही."

"मला वाटलंच," थॉमसिन म्हणाली. "खा आता. गार होतंय."

लेटिसला कळा सुरू झाल्या त्या नोव्हेंबरच्या एका सकाळी. धुकं एवढं, की फार्मचं फाटक हाताला लागेपर्यंत दिसत नव्हतं. कोठीच्या वरच्या माळ्यावर गवताच्या गादीवर तिला निजवलं होतं. हेस्टर आणि आणखी दोघी शेजारणी आधीच जमल्या होत्या. खिडकी लावून घेतली होती, किल्लीच्या भोकात चिंधी कोंबली होती, सगळ्यांच्या कपड्यांच्या गाठी सोडल्या होत्या, शेगडीवर अंडं आणि बिअर घातलेली पेज गरम होत होती. रिवाजात काही कमी नव्हतं. फक्त नेहमीच्या चेष्टामस्करीला तोंड फुटत नव्हतं. बिनलग्नाच्या बाळंतपणात या बायका मदतनीसही असायच्या आणि साक्षीदारही.

दुपारपर्यंत पोर अडलं. थॉमसिननं लेटिसला स्टुलावर बसवलं. लेटिसनं मागे हात नेऊन पाठीचा तो पक्षी धरला आणि सोडलाच नाही. घामानं तिचे केस कपाळाला चिकटले होते. थॉमसिननं ते बाजूला केले, आणि मग जे करायचं ते केलं. हात काढून घेतले, मागे सरली.

"लेटिस, हे पोर कुणाचं?"

लेटिसनं डोळे मिटून घेतले. कळ आली, गेली.

"कुणाचं, लेटिस?"

लेटिसनं डोळे उघडले आणि थेट तिच्याकडे पाहिलं. "गेजआई," ती म्हणाली, "तुम्ही नका विचारू. हेस्टरला विचारू दे. तिला सांगते मी."

हेस्टर पुढे वाकली. थॉमसिननं हात आडवा धरला. तिसरा रविवार चार दिवसांवर आला होता. पास्कचा कारखाना, सिसलीच्या हुंड्याची पेटी, पोराचे जमिनीवरचे पाय, सगळं त्या एका नावापाशी येऊन थांबलं होतं. आणि ते नाव या तीन बायकांसमोर एकदा उच्चारलं गेलं की ते कुणाच्या बापाला परत आत ढकलता येणार नव्हतं.

फार्मवर एक गुराखी होता, जॉसलिन टाय. बाहेरून आलेला, अबोल, तिशीचा. मे महिन्यातल्या जत्रेत त्यानं लेटिसला एक निळी रिबन दिली होती, यावरून गावानं त्याला बरंच चिडवलं होतं. पुढची कळ आली. लेटिस किंचाळली, तिनं पाठ ताणली. थॉमसिन तिच्या कानाशी गेली, पण बोलली मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"जॉसलिनचं का गं? जॉसलिन टायचं?"

लेटिसनं तिच्याकडे पाहिलं. ती नजर थॉमसिन मरेपर्यंत विसरली नाही. त्यात राग नव्हता. बाजारात ओळखीच्या माणसानं खोटं नाणं दिलं की आपण आधी नाण्याकडे न बघता त्याच्याकडे बघतो, तसं तिनं पाहिलं.

"सांग. मग मी हात लावते. जॉसलिनचं?"

"हो," लेटिस म्हणाली. "हो, हो, हो."

थॉमसिन गुडघ्यांवर बसली आणि तिनं पोर बाहेर काढलं. मुलगा. चांगला दणदणीत रडला. नाळ कापताना तिचे हात जराही थरथरले नाहीत, याचंच तिला नंतर जास्त वाईट वाटायचं.

जिन्यावरून उतरताना हेस्टर हळूच म्हणाली, "नाव तू घेतलंस, थॉमसिन."

"ती हो म्हणाली."

"ती हो म्हणाली खरी." हेस्टर दोन पायऱ्या उतरली. "आजवर तू कधी घेतलं नव्हतंस, एवढंच म्हणतेय मी." हेस्टरच्या जिभेला गाव घाबरायचं, पण ही गोष्ट तिनं कुणाजवळ काढली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. पण गेजआईनं ऐकलं म्हणजे ते खरं, हे हेस्टरलाही इतकं सवयीचं झालं होतं, की तिला आपल्याच कानांचा भरवसा वाटेना.

जॉसलिनला थर्लोंसमोर उभं केलं. तो वसंतात यार्मथला जाणार होता. त्याच्या भावानं त्याला हेरिंग मासे धरणाऱ्या बोटीवर जागा बघून ठेवली होती. गाईंना दावणीला बांधतानासुद्धा तो समुद्राचंच बोलायचा, म्हणजे जेव्हा बोलायचा तेव्हा.

"लेटिसला रिबन दिली होतीस की नाही?"

"दिली होती, पण..."

"एकाच फार्मवर राहता ना दोघं?"

"राहतो."

"गेजआई तुझ्याबद्दल खोटं बोलेल का?"

जॉसलिननं थॉमसिनकडे पाहिलं. ती भिंतीशी बसली होती. तो म्हणाला, "नाही. गेजआई खोटं नाही बोलणार."

झालं. काय घडलं ते सांग, असं त्याला कुणी म्हणालंच नाही. थॉमसिननंही नाही. त्या रविवारी ॲम्ब्रोज आणि सिसलीच्या लग्नाची तिसरी घोषणा झाली, आणि त्याच प्रार्थनेत जॉसलिन आणि लेटिस पापाचं प्रायश्चित्त म्हणून पांढऱ्या चादरी पांघरून, अनवाणी, सगळ्या गावासमोर उभे होते. लेटिस अजून नीट उभी राहू शकत नव्हती. जॉसलिननं तिला कोपराला धरलं होतं. ॲम्ब्रोज पुढच्या बाकावर बसला होता आणि त्याची मान एकदाही वर झाली नाही. थॉमसिनला वाटलं, पोराला शरम वाटतेय, वाटू दे. होईल हळूहळू सगळं ठीक.

चर्चच्या कारभाऱ्यांनी पुढे जॉसलिन आणि लेटिसचं लग्न लावून दिलं. लावून दिलं म्हणजे काय, दोघांच्या मागे उभं राहून लावलं. यार्मथची बोट जॉसलिनशिवाय गेली. त्याला फार्मच्या मागची पडकी खोली मिळाली. तो वाईट वागला नाही, ती वाईट वागली नाही. दोघं एका घरात राहायची, तबेल्यात दोन अनोळखी जनावरं एकमेकांना धक्का न लावता उभी असतात तशी. लेटिस थॉमसिनला रस्त्यात भेटली तर मान डोलवायची. ताकाचं मडकं घेऊन मात्र ती पुन्हा कधी आली नाही.

दोन वर्षांनी लेटिसला पुन्हा दिवस गेले. या खेपेला तिनं जॉसलिनला सांगून ठेवलं, शेजारच्या गावची सुईण आणायची. वेळ आली तेव्हा नदीला पूर होता. जॉसलिन घोडं घेऊन गेला आणि पुलाशी अडकला. हेस्टरनं थॉमसिनला बोलावणं धाडलं. थॉमसिन धावत गेली, स्टूल पाठीवर होतंच. दारात हेस्टरनं तिला अडवलं.

"नको म्हणतेय ती," हेस्टर म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "तुझे हात नकोत म्हणतेय."

"वेडी आहे का ती? आडवं आहे का पोर?"

"आडवं आहे."

"मग सरक."

"थॉमसिन, मी सांगितलं तिला. पाय धरायचे बाकी ठेवले. ती म्हणते, गेजआई आत आली तर मी दात आवळून बसेन आणि मरेन."

थॉमसिन पावसात बाहेर उभी राहिली. आतला आवाज ऐकूनच तिला कळत होतं काय चाललंय आणि आता काय करायला हवं. ती भिंतीला तोंड लावून हेस्टरला ओरडून सांगत राहिली, असा हात घाल, तसा फिरव. हेस्टरला ते जमणार नव्हतं. शेवटी लेटिसची शुद्ध हरपली तेव्हा हेस्टरनं दार उघडलं. थॉमसिननं हात घातला, पोर फिरवलं, काढलं. ते आधीच गेलेलं होतं. लेटिसही दिवस मावळायच्या आत गेली. जॉसलिन पोचला तेव्हा थॉमसिन तिचे केस विंचरत होती.

शवपेटी ॲम्ब्रोजनं केली. कुणी सांगितलं नव्हतं. पास्कचा जावई, कारखान्याचा आता तोच मालक, चांगलं एल्मचं लाकूड काढून त्यानं ती केली आणि पैसे घेतले नाहीत. दफन झाल्यावर तो सिसलीकडे न जाता आईच्या घरी आला आणि चुलीपाशी बसला. कपड्यांवरची माती तशीच.

थॉमसिननं दार लावलं. त्याच्यासमोर बसली. हाताची घडी घातली. इतक्या वर्षांत प्रथमच तिनं पोराला नीट विचारलं.

"काय झालं होतं, ॲम्ब्रोज?"

आणि ती गप्प बसली. चुलीतलं लाकूड ढासळलं तरी उठली नाही.

"आम्ही लग्न करणार होतो," ॲम्ब्रोज म्हणाला. "मेपासून. मला पास्कला सांगायचं धैर्य होत नव्हतं. तुला सांगायचं तर त्याहून नाही. तू त्या कारखान्याबद्दल बोलायला लागलीस की थांबायची नाहीस."

"मी तुला विचारलं होतं."

"कसं विचारलंस ते आठव ना." तो चिडला नव्हता, दमला होता. "मी लेटिसला म्हणालो, मला नाही जमत. मी भेकड आहे. पण बाळंतपणाच्या वेळी आई विचारेलच. ती कुणालाच सोडत नाही. तू माझं नाव घे, तीन बायका ऐकतील, मग पास्क मला हाकलेल आणि मग मला काही बोलायचीच गरज नाही. मी तुझ्या शेजारी चादर पांघरून उभा राहीन. आम्ही हसलो होतो त्यावर. ती म्हणाली, चादरीत तू कसा दिसशील."

थॉमसिनचा हात आपोआप तोंडावर गेला.

"त्या दिवशी मी फार्मच्या फाटकाशी उभा होतो, आई. धुक्यात. कुणीतरी येऊन मला धरून नेईल म्हणून वाट बघत. हेस्टर बाहेर आली आणि जॉसलिनला हाक मारत गेली." त्यानं हाताची माती चोळली. "मग मी कामावर गेलो. तेव्हाही बोलता आलं असतं. नाही बोललो. पण मला वाटलं होतं, तू विचारशील."

एवढं बोलून तो उठला आणि बायकोकडे गेला. तो काही वाईट माणूस नव्हता. आमच्याकडे असे पुष्कळ आहेत, ज्यांना कुणीतरी हाताला धरून चांगलं वागायला लावावं लागतं, आणि त्याच्या नशिबानं धरणाऱ्या हातानंच त्या दिवशी दगा दिला. थॉमसिन सकाळपर्यंत तिथेच बसून होती. मग तिनं परवाना घडी घालून नॉरिचला परत धाडला, आणि ऊन वर आल्यावर ती फार्मवर गेली.

जॉसलिन दूध काढत होता. लेटिसचा पोरगा, एडमंड, गवतात बसून काहीतरी चघळत होता. थॉमसिननं नीट पाहिलं. लोण्यावर उठवायचा तो पक्ष्याचा लाकडी ठसा होता.

"रविवारी मी चर्चमध्ये उभी राहणार आहे," ती म्हणाली. "सगळं सांगणार आहे. चादर मीच पांघरणार. पण आधी तुला सांगायला आले, जॉसलिन. हा पोरगा..."

"ॲम्ब्रोजचा," जॉसलिन म्हणाला. त्याचे हात थांबले नाहीत. "तुमच्या स्टुलावर तोच पक्षी आहे. एवढं मलाही दिसतं. ते नाही विचारत मी. एकच सांगा मला, गेजआई. माझंच नाव का आलं तुमच्या तोंडी?"

हो नाही म्हणून सुटता येण्यासारखं काही नव्हतं त्यात. थॉमसिन गाईच्या पाठीला हात टेकून उभी राहिली. रिबनचं सांगावं असं तिच्या मनात आलं. पण तिनं ते सांगितलं नाही.

"कारण तुझ्या बाजूनं भांडायला गावात कुणी नव्हतं," ती म्हणाली. "बाकी प्रत्येकाचं कुणी ना कुणी होतं. तुझं कुणी नव्हतं, म्हणून."

जॉसलिननं मान हलवली. त्याला हे उत्तर आधीपासून ठाऊक असावं, फक्त कुणीतरी ते बोलून दाखवायला हवं होतं. बादली भरली तशी त्यानं ती बाजूला सरकवली आणि पोराला उचलून घेतलं.

"मग आता रविवारी काही बोलू नका," तो म्हणाला. "यार्मथ गेलं. ती गेली. तुम्ही नाव फिरवलंत की थर्लो उद्या याला पास्कच्या घरी नेऊन ठेवतील. मला हा एवढाच राहिलाय, गेजआई. माझं नाव लागलंय त्याला. ते तरी काढून घेऊ नका."

"मी हे घेऊन मरायचं का रे?"

"हो," जॉसलिन म्हणाला. "तुम्ही हे घेऊन मरा."

तो ते कडवटपणे म्हणाला नाही. शपथही त्यानं तिथेच घ्यायला लावली, आणि तिनं ती घेतली. आता ती सगळीच गवताखाली गेली आहेत, जॉसलिनसुद्धा, म्हणून मी बोलू शकतो.

थॉमसिन पुढे बरीच वर्षं जगली. स्टूल स्वयंपाकघरात भिंतीशी होतं, त्यावर ती कुणाला बसू देत नसे. काम का सोडलंस म्हणून कुणी विचारलं तर म्हणायची, हात दुखतात. दर शनिवारी एडमंड तिच्याकडे लोण्याचा गोळा घेऊन यायचा, जॉसलिन धाडायचा म्हणून. त्यावर पक्षी असायचा. हे जॉसलिन दयेनं करायचा की तिनं विसरू नये म्हणून, ते मला कधी कळलं नाही. पोराची हनुवटी ॲम्ब्रोजची होती. त्याला मांडीवर घ्यावं असं तिला फार वाटायचं, पण ती घ्यायची नाही.

एकदा पोरानं पाहिलं, मागच्या शनिवारचा गोळा फळीवर तसाच होता. पक्षी वितळून नुसता डाग उरला होता.

"गेजआई, तुम्ही खात का नाही?"

"दात नाहीत रे मला," थॉमसिन म्हणाली.

पोरगा हसायला लागला. "लोण्याला दात कशाला लागतात?"

तो तिच्यासमोर हाताची घडी घालून उत्तराची वाट बघत उभा राहिला. थॉमसिननं नवा गोळा त्याच्या हातातून घेतला, जुन्याच्या शेजारी ठेवला, आणि जा म्हणाली, तुझा बाप वाट बघत असेल.